फोटोतल्या बाईची पाठ

जुन्या फोटोत कुंकू काळं दिसतं. घरातल्या ट्रंकेत पणजीचा फोटो असेल तर काढून बघा, कपाळावरची चिरी काळीभोर असते. ते कुंकू होतं आणि लालच होतं, याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. पण त्याच फोटोतलं लुगडं तितकंच गडद दिसलं की आपण बिनदिक्कत म्हणतो, "काळं लुगडं नेसलीय." कुंकवाला एक न्याय आणि लुगड्याला दुसरा. जुन्या चित्रांवरून त्या काळचे कपडे पुन्हा तयार करण्याच्या कामात मी ओढली गेले ती या विसंगतीमुळे, आणि आजही कुठलाही जुना फोटो हातात आला की माझी नजर आधी कपाळावर जाते.

याचं कारण रसायनात आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची, म्हणजे काचेला चिकट रसायनाचा लेप देऊन तो ओला असतानाच फोटो काढायची, कृती जाहीर केली आणि पुढची तीसेक वर्षं जगभर, आपल्या मुंबईतही, काचेवर फोटो निघाले ते मुख्यतः त्याच कृतीने. ती काच निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा ओळखायची. लाल रंग तिच्या लेखी अंधार. पिवळाही जवळजवळ तसाच. निळं कापड मात्र उजळ यायचं, कधीकधी चक्क पांढरं. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं, की काचेवरच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. लाल ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं स्टुडिओवाले जुन्याच प्रकारच्या काचा वापरत राहिले. म्हणजे नवरीची तीच पिवळी अष्टपुत्री १८६५ च्या फोटोत गडद दिसणार आणि १९२५ च्या फोटोत बऱ्यापैकी उजळ. फोटो कोणत्या काळातला, कोणत्या रीतीने काढलेला, हे कळल्याखेरीज साडीच्या रंगाबद्दल काही बोलू नये.

यातून कुंकवाचा एक फार मोठा उपयोग मला सापडला. फोटोत ज्याचा रंग आपल्याला खात्रीने ठाऊक आहे अशी ती एकच गोष्ट. कुंकवाइतकं गडद जे जे दिसतं ते लाल असण्याची शक्यता आधी धरायची, आणि मग इतर पुरावे बघायचे. विधवांच्या फोटोत ही सोय नसते, आणि नेमकी तिथे चूक सर्वांत जास्त होते. केशवपन केलेल्या कितीतरी ब्राह्मण विधवा आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, नेसत. ओल्या काचेवर ते आलवण काळं येतं. ते फोटो बघून कुणी नाटकातल्या पात्राला काळं नेसवलं, तर त्या बाईच्या अंगावर समाजाने चढवलेला रंगच आपण पुसून टाकतो. कपड्याचा अभ्यास हा नुसता हौसेचा भाग नाही असं मला वाटतं ते अशा ठिकाणी.

हे पडताळून बघायचा एक सोपा मार्ग आहे. मंगलदास मार्केटमधून कापडाचे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे आणायचे, उन्हाऐवजी सावलीतल्या उजेडात ठेवून त्यांचा मोबाइलवर साधा रंगीत फोटो काढायचा आणि संगणकावर त्यातला फक्त निळा भाग ठेवून लाल-हिरवा काढून टाकायचा. ओली काच जे बघत होती त्याच्या बरंच जवळचं चित्र समोर येतं. लाल खण काळा ठिक्कर. हळदीचा पिवळा काळपट. हिरवा तुकडा मधल्या कुठल्यातरी राखाडीत. आणि आकाशी रंगाचं सुती कापड पांढऱ्या कापडाशेजारी ठेवलं तर दोन्हींतला फरक शोधावा लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की जुन्या फोटोतलं "पांढरं लुगडं" आणि "काळं लुगडं" हे दोन्ही शब्द तोंडातून निघत नाहीत. सोन्याचे दागिनेही फसवतात. जिथे चमक परावर्तित होते तिथे पांढरा ठिपका असतो, बाकी सोनं मळकट गडद. पितळेचं की सोन्याचं, हे फोटोवरून सांगणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

काही वेळा मात्र काळ्या-पांढऱ्यातूनच रंग स्वच्छ कळतो. इरकली, म्हणजे कर्नाटकातल्या इलकलच्या, लुगड्याचा पदर लाल रेशमाचा असतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात कंगव्याच्या दातांसारखी, कंगोऱ्यांची नक्षी विणलेली असते. अंगाचं कापड आणि पदर यांचा ताणा वेगळा असतो आणि विणताना तो एकमेकांत अडकवून जोडतात. फोटोत काळ्या पदरावर पांढरे कंगोरे दिसले की तो इलकलचा लाल पदर, हे मी डोळे मिटून सांगेन. अंगाचा रंग कळो न कळो, पदराने स्वतःची ओळख दिलेली असते.

अलीकडे संगणकाने रंगवलेले जुने फोटो मोबाइलवर सारखे येतात. त्यांत साड्या तपकिरी आणि राखाडी, चेहरे गुलाबी आणि कपाळावरचं कुंकू तसंच काळं. ज्या यंत्राला कुंकवाचा रंग ठाऊक नाही त्याने लुगड्याला दिलेला रंग लोक खरा धरतात आणि त्यावरून पुन्हा कपडे शिवतात. मला याचं मनापासून दुःख होतं. आलीच्या मुळांचा लाल, मंजिष्ठाचा लाल, नीळ, कुसुंब्याचा गुलाबी, हळदीचा पिवळा अशा तेजस्वी रंगांत वावरलेल्या बायकांना आपण मातकट करून टाकतोय. पहिला कृत्रिम रंग १८५६ सालचा, कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ मध्ये. त्याआधीचे आपले रंगारी फिके रंग देत होते असं समजण्याचं काही कारण नाही.

रंगाचा प्रश्न सुटला तरी दुसरा उभा राहतो. समोरच्या माणसाच्या अंगावरचे कपडे त्याचेच आहेत कशावरून?

मुंबईला या बाबतीत फार जुना इतिहास आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या कामात होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून फोटोंचं एक नियतकालिक चालवलं. पुढे जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. प्रभू, भाटिये, कोळी, पारशी, ब्राह्मण, सगळे त्यात आहेत. मुंबईच्या जुन्या वेशभूषेवर काम करणारा कुणीही या फोटोंपाशी येतोच. पण त्यातल्या अनेक चित्रांत माणसं एकीकडे टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचं दृश्य दुसरीकडचं आहे. दोन वेगळी चित्रं जुळवून छापलेली. मागे देऊळ दिसतं म्हणून ही बाई देवदर्शनाला निघाली आहे असं धरून तिचा वेश "देवळात जायचा" ठरवला, तर पायाच कच्चा.

त्या फोटोंखाली नाव नसतं, जात असते. हे मला प्रत्येक वेळी खुपतं. पैसे देऊन स्टुडिओत गेलेल्या शेटजींचं नाव कार्डाच्या मागे लिहिलेलं सापडतं. ज्यांना "नमुना" म्हणून उभं केलं त्यांचं नाही. आणि नमुना म्हणून उभं करताना त्यांना काय घालायला सांगितलं असेल, कुणाचे दागिने दिले असतील, फोटोत नीट दिसावा म्हणून पदर कसा ओढून घेतला असेल, याची नोंद कुठेच नाही. तरी मी या फोटोंवर काम करते. बहुतेकींच्या बाबतीत तेवढाच कागद उरलेला आहे.

एक छोटी तपासणी मात्र मी कधी चुकवत नाही. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते आणि नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर. फोटोत दोन्ही त्या बाईच्या उजव्या बाजूला असतील तर चित्रच उलटं आहे. काचेवरचे काही जुने फोटो मुळातच आरशासारखे उलटे असतात. काही ठिकाणी नंतर छापताना किंवा स्कॅन करताना काच पालथी पडलेली असते. नथ बघायची, मग गाठी आणि निऱ्यांची दिशा ठरवायची.

आता खरी अडचण सांगते. नऊवारीचं सगळं कौशल्य पाठीमागे आहे आणि फोटो पुढून काढलेला आहे.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याला कात्री नाही, टीप नाही. कंबरेला वेढा देऊन पुढे गाठ, मग निऱ्या, मग निऱ्यांचा मधला भाग पायांतून मागे नेऊन खोचायचा, तो कासोटा. बाकीचं अंगभर घेऊन पदर. पुढून दिसतो तो ओचा, म्हणजे पुढच्या निऱ्या, आणि पदर. वस्त्राला दोन पायांत विभागणारी, चालायला, वाकायला, चढायला मोकळं करणारी सगळी करामत कासोट्यात आहे. तो किती रुंद खोचला, काठ मधोमध आणला की बाजूला सोडला, घट्ट ओढून पोटरी उघडी ठेवली की घोट्यापर्यंत सैल सोडला, यावरून नेसणारी कोण होती, काय काम करायची, हे गावाला कळत होतं. आणि एवढी माहिती ज्या बाजूला आहे ती बाजू स्टुडिओच्या कॅमेऱ्याने पाहिलीच नाही. खुर्चीवर बसलेल्या किंवा शेजारच्या तिवईवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाया. सगळ्या समोर बघणाऱ्या. काही सेकंद हलायचं नाही म्हणून मानेमागे लोखंडी आधार. पाठ त्या आधाराला, चेहरा आपल्याला.

मग पाठ शोधायची कुठे? मुंबईतच तिच्या काही जागा आहेत.

पहिली भायखळ्याला. राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या पेहरावांचे, पगड्या-पागोट्यांचे मातीचे लहान पुतळे आहेत. तेही "नमुने"च, आणि आकार लहान असल्याने कापडाची घडी ढोबळ. पण मातीच्या माणसाला चारही बाजू असतात. काचेच्या कपाटाच्या कडेला उभं राहून, मान तिरकी करून बघितलं की खांद्यावरून मागे गेलेल्या कापडाचं पुढे काय होतं ते थोडंतरी हाती लागतं. शाळेच्या सहलीत आपण त्या कपाटांपुढून भराभर निघून जातो.

दुसरी जागा जे. जे. स्कूल ऑफ आर्टची. गणपतराव म्हात्रे तिथे शिकत असताना, १८९० च्या दशकात, त्यांनी प्लॅस्टरमध्ये एक तरुण मराठी मुलगी घडवली. देवळाकडे निघालेली, नऊवारी नेसलेली. 'मंदिरपथगामिनी' या नावाने ती आपल्याकडे ओळखली जाते, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीही तिच्यावर लिहिलं. कलेच्या इतिहासात तिच्याबद्दल जे म्हटलं जातं ते सगळं योग्यच आहे. माझं कारण वेगळं. शिल्पकाराला पाठ टाळता येत नाही. कापड अंगाला कुठे चिकटतं, कुठे सुटतं, मागे किती जाडीचा झोळ येतो, हे त्याला ठरवावंच लागतं. ज्या काळात बहुतेक स्टुडिओ फक्त समोरची बाजू टिपत होते त्याच काळात, त्याच शहरात, एक विद्यार्थी नऊवारीच्या सगळ्या बाजू हाताने घडवत होता. आदर्श सौंदर्याचं त्याचं शिक्षण युरोपीय वळणाचं होतं, म्हणून कापड खऱ्यापेक्षा जास्त पातळ आणि ओलं दिसतं, हे धरून चालायचं. तरी घड्यांची दिशा खोटी वाटत नाही.

तिसरी जागा महादेव विश्वनाथ धुरंधरांची चित्रं. धुरंधर (१८६७–१९४४) जे. जे.चेच, आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या स्त्रियांवरच्या एका इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी चित्रं काढली. त्यांच्या रस्त्यावरच्या बाया चालतात, वळतात, डोक्यावर ओझं घेतात. मुंबईच्या गल्लीत उभं राहून पाहिल्याची खूण त्यांच्या रेषेत आहे. रंगही आहेत, आणि ते माणसाने डोळ्यांनी बघून लावलेले आहेत. त्याच सुमारास निघालेल्या रंगीत पोस्टकार्डांबद्दल असं म्हणता येत नाही. त्यांतली बरीच जर्मनीत छापली जात आणि तिथल्या कारागिराने हे लुगडं कधी पाहिलेलं नसे. पोस्टकार्डाच्या रंगावर मी एक धागाही रंगवणार नाही.

आणि चौथी जागा म्हणजे ज्यांनी आयुष्यभर नऊवारीच नेसली त्यांचे हात.

ठाकुरद्वारच्या एका चाळीतल्या आजींकडे मी नेसण शिकायला जायचे. सोबत माझे छापील फोटो, वही, मोजपट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी फोटो बाजूला ठेवायला लावले. "अगं, कागदात बघून कुणी नेसतं का? हो उभी. पाय फाक थोडे." मी विचारलं, "आजी, कासोटा खोचताना काठ मधे कसा येतो तुमचा? मला दाखवाल का सावकाश?" त्यांनी सावकाश करायचा प्रयत्न केला आणि हात थांबले. सावकाश त्यांना येतच नव्हतं. नेहमीच्या वेगात केलं की क्षणात झालं. बोटांनी काठ चाचपून धरला, अंगठ्याने मधली निरी ओळखली, वर ओढून खोचलं. डोळे समोर, हात मागे. शेवटी मी त्यांच्या मागे बसले आणि फक्त हातांचा व्हिडिओ घेतला.

तो व्हिडिओ बघताना लक्षात आलं की आजींनी स्वतःचा कासोटा कधी पाहिलेला नाही. नेसणारीला तो दिसत नाही. फोटोवाल्याने तो पाहिला नाही. तो दिसायचा तो मागून चालणाऱ्या बाईला, जी म्हणायची, "अगं, कासोटा सैल झालाय तुझा, ये इकडे." या वस्त्राच्या पाठीची सगळी माहिती बायकांनी एकमेकींच्या पाठी बघून टिकवली. ती कुणी लिहिली नाही, काढली नाही, आणि त्या बायका एकेक करून जातायत.

तरीही आजींचे हात म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. त्या नेसायला शिकल्या त्या गिरणीच्या लुगड्यांवर, स्वातंत्र्याच्या आगेमागे. ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली १८५४ मध्ये, आणि पुढच्या शंभर वर्षांत गिरण्यांनी कापडाचं सूत, पोत, पन्हा म्हणजे रुंदी, सगळं बदललं. म्हणून १८६० च्या फोटोतली नेसण आजींच्या नेसणीशी जुळली नाही तर मी दोघींपैकी कुणालाही खोटं ठरवत नाही. आधी कापड तपासते.

पन्ह्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. फोटोत एखादीचं लुगडं पोटरीपर्यंत दिसलं की आपण लगेच कष्टकरी म्हणतो, घोट्यापर्यंत दिसलं की खानदानी. मी एकाच मुलीला एकाच पद्धतीने आधी आजच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याचं आणि मग अरुंद पन्ह्याचं हातमागाचं लुगडं नेसवून पाहिलं. रुंद कापड घोट्याला टेकलं, अरुंद वर राहिलं. काही आखूड नेसणी कामासाठी असतील, काही निव्वळ पन्ह्यामुळे. फोटोतून पन्हा मोजायचा तर त्यात एखादं माप शोधावं लागतं. मी मनगट घेते. काठाची रुंदी मनगटाच्या किती पट आहे ते ताडून बघायचं, बसण्याची खुर्ची ओळखीच्या घडणीची असेल तर तिची उंची धरायची, आणि तिसऱ्या मापाशी पडताळून मगच आकडा लिहायचा.

कापडाचा स्वभावही महत्त्वाचा. आज दादरला नऊवारी मागितली तर समोर येते ती बरीचशी कृत्रिम धाग्याची किंवा भेसळीची. दिसायला झगमगीत, पण कासोटा धरत नाही. सुती कापड सुती कापडाला पकडून ठेवतं, त्यावरच ही सगळी नेसण उभी आहे. गुळगुळीत कापडाचा कासोटा दादरचा रेल्वे पूल चढेपर्यंत सुटतो. मग सेफ्टी पिना येतात, मग शिवलेली नऊवारी येते. शिवलेल्या नऊवारीला माझा विरोध नाही. शाळेच्या गॅदरिंगला वीस मुलींना नाचायचं असतं, आईला सकाळी आठची लोकल पकडायची असते. पण तिच्यावरून जुनी नेसण समजून घेता येणार नाही. मी इलकलचं सुती लुगडं वापरते, आणि नवं कधीच नाही. खळ पूर्ण जाईपर्यंत ते धुऊन, वापरून मऊ करून घेते. फोटोतल्या बायांची रोजची लुगडी धुतलेलीच होती. नव्या कोऱ्या कापडाच्या घड्या आणि वापरातल्या कापडाच्या घड्या फोटोत वेगळ्या पडतात.

चोळीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर वेगळं लिहायला हवं. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, अरुंद पन्ह्याचा, दोन्ही बाजूंना काठ. बाहीच्या कडेला खणाचा काठ येतो, आणि फोटोत पदराबाहेर दिसते ती तेवढीच कड. तिच्यावरून बाही आडवी बेतली की उभी, हे कळतं. आधी मांजरपाटावर बेतून, हाताने धावदोरा घालून अंगावर चढवायची, दंड वर उचलून सुरकुत्या कुठे ओढल्या जातात ते बघायचं, बगलेत चौकोनी तुकडा हवा की नको ते ठरवायचं, आणि मगच खणाला कात्री लावायची. खण महाग आहे आणि विणणारे कमी होत चाललेत. पुढची गाठ पदराखाली झाकलेली, म्हणजे तीही आजींकडूनच. १८८० नंतरच्या फोटोंत चोळीच्या जागी हळूहळू पोलकं येतं, लेस येते, चुणीदार बाह्या येतात. या शहरात कपडे सतत एकमेकांचं बघून बदलत राहिले. १८६४ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी नवऱ्याबरोबर मुंबईला आल्या, इथे त्यांनी पारशी बायकांची साडी नेसण्याची रीत पाहिली आणि तिच्यावरून बंगालमधल्या बायकांसाठी बाहेर वावरता येईल अशी साडीची पद्धत रुजवली. आपल्या घरात बालगंधर्वांच्या शालूंची आणि नेसण्याची नक्कल झालीच होती.

पाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते, शेकडो मुली नऊवारी नेसून, फेटे बांधून येतात. तो दिवस मला फार आवडतो. पण "पारंपरिक" म्हणून जी एक नेसण आता सगळीकडे दिसते तिच्यात ब्राह्मणी ओचा आहे, झुलता भरजरी पदर आहे, आणि पोटरी कुठेच नाही. कोळणीची, आगऱ्याची, घाटावरून आलेल्या गिरणी कामगार बाईची, हमालीला गेलेल्या बाईची नेसण त्या यात्रेत बहुधा फक्त चित्ररथावर असते. ज्यांच्या कासोट्याने हे शहर बांधलं, मासळी विकली, साचे चालवले, त्यांची नेसण "साधी" म्हणून गळली. मी जुन्या फोटोंवरून कपडे करते तेव्हा मला हीच नेसण आधी करावीशी वाटते. राजघराण्यांच्या पैठण्या आणि शालू करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे पैसाही आहे.

म्हणून सध्या समोर एका कोळणीचा जुना फोटो आहे. डोक्यावर टोपली, अंगावर लुगडं, वर फडकी, हात कंबरेवर. तो घेऊन मी वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींकडे गेले. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि पहिलंच बोलल्या ते टोपलीबद्दल. ती रिकामी आहे. भरल्या टोपलीखाली मान अशी राहत नाही, खांदा असा राहत नाही, आणि ओझं घेऊन बाजारात निघालेली बाई लुगडं एवढं खाली सोडत नाही. ही नेसण सणाची आहे, हिला कुणीतरी उभी केली आहे. त्यांनी स्वतःचं लुगडं कंबरेशी जरा ओढून, वर खोचून दाखवलं. "काम करताना असं. फोटोत असं," म्हणाल्या, आणि पुन्हा खाली सोडलं.

त्या हातभर फरकासाठी मला आता सगळं मापन नव्याने करायचं आहे. दोन लुगडी लागतील, एक फोटोसारखं नेसवायला आणि एक मावशींनी दाखवलं तसं. दोन्ही पाठमोरी टिपून ठेवणार आहे.

वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. घरोघरी लग्नामुंजींचे जुने ग्रूप फोटो असतात. त्यांत कडेला कुणीतरी वळलेली असते, मुलाला ओढायला वाकलेली असते, पंक्तीत वाढताना पाठमोरी सापडलेली असते. असा फोटो बिघडलेला समजून अल्बममधून काढून टाकलेला असतो किंवा कापून लहान केलेला असतो. तो असेल तर जपून ठेवा. दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, कारण मागच्या बाजूला बऱ्याचदा स्टुडिओचा शिक्का असतो आणि त्यावरून साधारण काळ काढता येतो. घरात कुणाला त्या लुगड्याचा रंग आठवत असेल तर आजच विचारून पेन्सिलीने मागे लिहा. आणि शक्य झालं तर मला दाखवा. ज्या फोटोत बाईचा चेहराच आलेला नाही, तो सर्वांत आधी.